अकरावं रीळ

जेसिंताचा आवाज गेला, हे अरुळप्पनला कळलं ते वडपळनीच्या थिएटरात, सकाळच्या खेळाला, मध्यंतरानंतर.

जेसिंता, त्याची बायको, गेली तो दिवस वेगळा. तो ख्रिसमसच्या आधी येऊन गेला होता. त्या दिवशी घरात माणसं होती, फादर होते, मुलगी बेनिटा तिरुच्चीहून आली होती. थिएटरात तसं कोणी नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर वेलायुदम होता आणि पुढच्या रांगांत पोरं शिट्ट्या मारत होती.

पिक्चर चाळीस वर्षांपूर्वीचं. नाव लांबलचक होतं, अरुळप्पनच्या घरात सगळे त्याला होडीचं पिक्चर म्हणत. अरुळप्पनने त्यात डबल बास, म्हणजे माणसाएवढं खर्जातलं व्हायोलिन, वाजवला होता आणि वेलायुदमने बासरी. दोघंही आता रिटायर. कोडंबाक्कमच्या एकाच गल्लीत राहायचे आणि एकाच चहावाल्याशी भांडायचे.

होडीचा प्रसंग असा. आई मेल्याची तार मिळून मुलगा गावी येतो, पण उशिरा. तोवर सगळं उरकलेलं असतं. नदी ओलांडायला तो होडीत बसतो. नावाड्याला सगळं ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. मुलगाही विचारत नाही. पैलतीर येईपर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. वल्ह्याचा आवाज येतो, खाली एक लांब, खोल सूर धरलेला असतो, आणि त्यावर एक बाई गुणगुणते. शब्द नाहीत. तीच जेसिंता.

अरुळप्पन खुर्चीत पुढे सरकून बसला. पडद्यावर होडी सुटली. पाण्याचा आवाज थिएटरच्या डाव्या भिंतीतून उजव्या भिंतीत गेला. मग कीबोर्डची बासरी आली, तिच्या मागून शंभर व्हायोलिनांचा असावा तसा गोड मारा आला, आणि वर एक आवाज. मऊ, स्वच्छ, कुठल्याच बाईचा नसलेला. तो आवाज श्वास घेत नव्हता. होडी पैलतीराला लागली तरी तो चालूच होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरुळप्पन उभा राहिला.

"ए ताता, ए म्हाताऱ्या, बस की खाली! होडी बुडवतोस का?" मागून कोणीतरी ओरडलं.

वेलायुदमने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. "मलाही काढलंय रे," तो कानात म्हणाला. "ती बासरी माझी नाही. माझी एक फुंकर पण ठेवली नाही मेल्यांनी."

पिक्चर संपेपर्यंत अरुळप्पन बसून राहिला. आणखी कुठे तरी, चुकून, शेवटच्या पाट्यांवर वगैरे तो आवाज येईल असं त्याला वाटत होतं. आला नाही.

तो आवाज त्याला का हवा होता, ते सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी जेसिंताचं स्वरयंत्रच काढलं. त्यानंतर ती टाळ्यांनी, चुटक्यांनी आणि भांड्यांच्या आपटण्याने बोलायची. तिचं सगळं त्याला कळायचं. पण बोललेला आवाज हळूहळू डोक्यातून पुसत गेला. ती गेल्यावर एका सकाळी तो "अरुळ" अशी तिची हाक आठवायला बसला, आणि हाक आठवेना. शब्द आठवला, आवाज नाही. तो घाबरला.

घरात तिचं काही नव्हतं. ती कोरसमध्ये गाणारी. दहा-बारा बायकांत उभी राहून गायची, आणि त्यातून तिचा गळा वेगळा काढणं देवालाही जमलं नसतं. एकटी ती एकदाच गायली होती, होडीच्या पिक्चरमध्ये. त्याची कॅसेट घरात होती, ती पुरात गेली. तेव्हा गल्लीत कमरेइतकं पाणी होतं, आणि दोघांनी मिळून वाचवला तो फक्त डबल बास.

मग बेनिटाने त्याला फोनमध्ये तो प्रसंग शोधून दिला. कोणीतरी अख्खं पिक्चर चढवलं होतं. रोज सकाळी कॉफी झाली की तो खिडकीत बसायचा आणि फोन कानाला लावायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला रोज कोणाचा तरी फोन येतो. तो तसंच बसायचा, फोन आल्यासारखा.

एक दिवस तिथे नुसती काळी चौकट आली. हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. वेलायुदम म्हणाला, "अरे, नव्या आवाजात पिक्चर परत लागतंय म्हणून काढलं असेल. बरं झालं. त्या डबड्यात काय ऐकतोस? थिएटरात चल. चारी भिंतींतून तुझी बायको गाईल."

म्हणून ते गेले होते.

त्या गुणगुणण्यात असं काय होतं, ते त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्यांनाच माहीत. पार्श्वसंगीताला तिकडे आरआर म्हणतात. हॉलमध्ये पडद्यावर प्रसंग चालायचा आणि समोर ऑर्केस्ट्रा बसून वाजवायचा. चूक झाली की सगळं पहिल्यापासून. होडीच्या प्रसंगासाठी मोठी गायिका येणार होती. ती आली नाही, म्हणून मास्टरनी, म्हणजे संगीतकारांनी, कोरसमधून जेसिंताला पुढे बोलावलं. "तू ट्रॅक गा. उद्या त्या आल्या की तुझ्यावर त्यांचा आवाज भरू." ट्रॅक गाणारीचा आवाज पुसायचाच असतो. त्याचं कोणाला वाईट वाटायचं नाही.

जेसिंताला सातवा महिना होता. बेनिटा पोटात. अरुळप्पन तिच्या मागे बास घेऊन उभा होता. त्याने तो लांब सूर धरला आणि ती सुरू झाली. शेवटच्या ओळीआधी तिला श्वास पुरला नाही. सूर मधेच तुटला, पुढची ओळ राहिलीच. ती मागे वळली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "माफ करा मास्टर, पोरीने लाथ मारली." सगळा हॉल हसला.

मास्टर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते. जिथे तिचा सूर तुटला, तिथेच पडद्यावर नावाड्याने वल्हं थांबवलं होतं. त्यांनी प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "असंच राहू दे. आई मेली त्याचं रडं मी वाजवणार नाही. बाई गाता गाता थांबली, एवढंच पुरे. ज्याला कळायचं त्याला कळेल." दुसऱ्या दिवशी मोठी गायिका आली, तिला चहा पाजून परत पाठवलं.

वेलायुदम आणि अरुळप्पन चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं यावर वाद घालत. कुठल्या पिक्चरचं आरआर मोठं, कोणाचं नुसतंच मोठ्याने. वेलायुदमचं म्हणणं, ज्याची धून लोक घरी जाताना शिट्टीवर वाजवतात ते चांगलं. अरुळप्पनचं म्हणणं उलट. धून कोणाला आठवत नाही, पण 'त्या ठिकाणी मी का रडलो' असं माणूस बायकोला विचारतो, ते चांगलं. जेसिंता त्या वादात एकदाच पडली होती. तिने पाटीवर लिहिलं होतं, "दोघंही वाजवत होतात, म्हणून ऐकलं कधी नाही." आणि पाटी वेलायुदमच्या तोंडापुढे धरली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं पिक्चरच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथे निरंजन नावाचा मुलगा भेटला. तरुण, सभ्य. त्याने दोघांना बसवलं, कॉफी मागवली.

"अंकल, जुना आवाज एकाच ट्रॅकवर होता. संवाद, संगीत, सगळं एकत्र. खरखर फार. आताच्या थिएटरात तो लावता येत नाही."

"का नाही येत?" वेलायुदम म्हणाला. "आम्ही चाळीस वर्षं ऐकलाच की."

"म्हणून आम्ही कॉम्प्युटरकडून बोलणं आणि संगीत वेगळं करून घेतलं. मग संगीत नवीन केलं."

"होडीत एक बाई गुणगुणते," अरुळप्पन म्हणाला. "ती संगीतात गेली का बोलण्यात?"

निरंजनला आठवत नव्हतं. त्याने कोणाला तरी फोन लावला, थोडा वेळ ऐकलं. फोन ठेवल्यावर तो जरा अवघडला. "माणसाचा आवाज म्हणून कॉम्प्युटरने तो बोलण्यात टाकला होता, अंकल. पण त्यात शब्द नव्हते. काम करणाऱ्या मुलांना वाटलं, मागचा गोंगाट राहिलाय. त्यांनी साफ केला."

"मूळ आहे ना पण? फिल्म?"

"फिल्मला बुरशी लागली होती. कॉपी काढल्यावर... ठेवली नाही. ज्या डिस्कवर जुना आवाज होता, तिच्यावर दुसरं काम झालं. आणि फोनवरचं पिक्चर आम्हीच काढायला लावलं. नियम आहे. ते कोणी चढवलं होतं ते आम्हाला माहीत नाही." मग त्याने विचारलं, "अंकल, त्या कोण होत्या?"

"माझी बायको."

निरंजनने टेबलावरची कॉफी बाजूला सरकवली. "मला माहीत असतं तर..." तो म्हणाला. त्याच्यावर चिडावं असं अरुळप्पनला फार वाटलं, पण मुलगा चिडण्यासारखा नव्हता.

रात्री बेनिटाने फोन केला. "अप्पा, माझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे की! त्यात अम्मा किती बोलते."

"त्यात सगळीकडे गाणी घातलीयत गं. व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पिक्चरची गाणी लावलीयत. तुझ्या अम्माचे ओठ हलताना दिसतात फक्त."

"मी शोधते," बेनिटा म्हणाली. तिने शोधलं, वेलायुदमच्या नातीनेही शोधलं. लोकांनी पिक्चरची गाणी जपून ठेवली होती. मारामारीही ठेवली होती, हिरोचे संवाद तर शंभर जणांनी. होडी कोणी ठेवली नव्हती. जिथे कोणी बोलत नाही, ते कोण कापून ठेवणार?

अरुळप्पनचं जेवण कमी झालं. सकाळी खिडकीत बसून तो फोन कानाला लावायचा आणि तसाच बसायचा. एके दिवशी वेलायुदम आला, त्याने तो फोन काढून घेतला आणि म्हणाला, "तेलुगू."

"काय तेलुगू?"

"होडीचं पिक्चर तेलुगूत गेलं होतं की नाही? मग तिकडे बोलणं नवीन भरलं, पण संगीत? संगीताचं वेगळं रीळ दिलं असणार. नुसतं संगीत. वर कोणाचं बोलणं नाही, खरखर नाही. नुसती तुझी बायको आणि तुझं ते दळण."

अरुळप्पन उठून उभा राहिला, लुंगी सावरायचंही त्याला भान राहिलं नाही.

तेलुगूचं काम सालिग्रामममधल्या एका डबिंग थिएटरात झालं होतं. ते चालवायचे कोदंडराव. ते वारून बारा-चौदा वर्षं झाली होती आणि थिएटरच्या जागी आता दवाखाना होता. पण घर मागेच होतं. दार कोदंडरावांच्या बायकोने, सुभद्रम्मांनी उघडलं. हात पिठाने भरलेले.

"रिळं? ती केव्हाच रद्दीत गेली, अण्णा. डबे ठेवलेत थोडे. झाकण घट्ट बसतं, मुंगी जात नाही."

स्वयंपाकघरात फळीवर फिल्मचे गोल, चपटे पत्र्याचे डबे ओळीने लावले होते. एकात अप्पळम म्हणजे पापड, एकात सुक्या मिरच्या, एकात चिंच. डब्यांवरचे कागद अजून होते. त्यांवर पिक्चरची नावं, रिळाचा आकडा. अरुळप्पन एकेक डबा फिरवून वाचत गेला. होडीचा प्रसंग अकराव्या रिळात, रीळ संपता संपता. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

होडीच्या पिक्चरचा अकरावा डबा खाली, शेगडीच्या मागे होता. कागदावर लिहिलं होतं, संगीत. त्याने झाकण काढलं. आत रीळ होतं. तपकिरी, रुंद, कडेला भोकं असलेली पट्टी. पण अर्ध्याहून कमी उरलेली.

"बाकीचं?"

"वर." सुभद्रम्मांनी छताकडे बोट केलं. "गच्चीवर वडाम घातलेत ना. कावळे फार झालेत. ही पट्टी कापून दोरीला बांधली की फडफडते, चकाकते, मग येत नाहीत. जुन्या पट्ट्या ठेवून दरवर्षी थोडी थोडी नवी कापते."

गच्चीवर पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत होते. वर दोऱ्या बांधलेल्या, आणि प्रत्येक दोरीला हात-हातभर लांबीच्या तपकिरी पट्ट्या लोंबत होत्या. वारा आला की सगळ्या एकदम वळायच्या.

अरुळप्पनने एका पट्टीला हात लावला. मग थांबला. चाळीस वर्षं तो रिळांच्या आसपास जगला होता. त्याने विचारलं, "अम्मा, कोदंडराव रीळ ठेवताना उलटं गुंडाळून ठेवायचे का?"

सुभद्रम्मांना राग आला. "म्हणजे काय? काम झाल्यावर रीळ पहिल्या जागी आणून ठेवल्याशिवाय ते जेवायला उठले नाहीत कधी. बाकीच्या थिएटरवाल्यांसारखे नव्हते ते. सगळ्या कोडंबाक्कमला विचारा."

हे खरं होतं. कोदंडरावांचं नाव त्यासाठीच होतं. अरुळप्पनने पट्टी सोडली. रीळ परत गुंडाळलेलं असेल, तर बाहेरचा भाग सुरुवातीचा आणि आतला शेवटचा. सुभद्रम्मांनी बाहेरून कापत आणलं. म्हणजे होडी आत, डब्यात, सुखरूप. दोरीवर फडफडतंय ते लग्नाच्या मिरवणुकीचं संगीत, त्याचं काय करायचंय?

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमचे वडाम होईपर्यंत राहू द्या."

वेलायुदम त्याला म्हणाला, "सगळंच घेऊन चल ना. पट्ट्यापण."

"गरीब बाईचे वडाम कावळ्यांना घालू का? आत आहे रे ते. कोदंडरावांनी गुंडाळलेलं आहे."

त्या पट्टीचं यंत्र आता शहरात कोणाकडे चालू नव्हतं. देवसगायम म्हणून एक जुना साउंड इंजिनियर होता. त्याच्याकडे पोरूरच्या शेडमध्ये एक पडलेलं होतं. त्याचे पट्टे सडलेले. देवसगायमने पट्टे कुठूनतरी बनवून आणले, पट्टीवरचा आवाज वाचणारा माथा घासला, तेल घातलं. त्यात आठवडा गेला. तो आठवडा अरुळप्पन चांगला जेवला. बेनिटाला त्याने फोनवर सांगितलं, "ये तू. मिळून ऐकू." बेनिटाने रजा काढली.

पण त्याला धीर निघाला नाही. ती यायच्या आदल्या दिवशीच त्याने रीळ यंत्रावर लावायला सांगितलं. देवसगायमने खटका दाबला. पट्टी फिरायला लागली, पण आवाज उलटा आला, तेव्हा त्याने ती दुसऱ्या चाकावर गुंडाळून पुन्हा लावली. आधी घरघर, मग मास्टरांचा आवाज. "तयार? वन, टू, थ्री." आणि नादस्वरम, ढोल. मिरवणूक.

"पुढे ने," अरुळप्पन म्हणाला.

देवसगायमने पट्टी पुढे नेली. मिरवणूक संपली, एक भांडण झालं, एक पाऊस झाला. मग पट्टीचं टोक आलं आणि चाकावर फटफट फिरत राहिलं.

"झालं?"

"झालं, अण्णा. ही सुरुवात आहे रिळाची. हे उलटं गुंडाळलेलं नव्हतं. वाजवून झालं तसंच उचलून ठेवलंय."

"कोदंडराव असं करत नसत."

"या वेळी केलंय."

अरुळप्पन बाहेर आला आणि रिक्षात बसला. वेलायुदम धावत मागून चढला. शेवटचा भाग बाहेर होता. म्हणजे सगळ्यात आधी कापला गेला तो तोच. म्हणजे दोरीवर होती ती होडी. आठवड्यापूर्वी त्याने तिला हात लावला होता.

सुभद्रम्मांनी दार उघडलं आणि हसल्या. "वडाम झाले, अण्णा. थांबा, देते थोडे."

"पट्ट्या? आहेत ना?"

"आहेत की. पण मागे तुम्ही आलात तेव्हा फार मळल्या होत्या. त्यांची तपकिरी भुकटी वडामवर पडायला लागली. म्हणून परवा सगळ्या उतरवून ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. आता बघा, काचेसारख्या झाल्यात."

त्यांनी आतून एक पिशवी आणली. त्यात पट्ट्या होत्या. काही अजून तपकिरी होत्या. बऱ्याचशा पट्ट्यांतून खिडकीतला उजेड आरपार येत होता. अरुळप्पनने एक पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून त्याला पलीकडचा दरवाजा दिसला.

"फडकं कुठे आहे?"

"फडकं?"

"पुसलेलं."

सुभद्रम्मा गोंधळल्या. फडकं नळाजवळ दोरीवर वाळत होतं. धुतलेलं होतं, तरी डाग होता. गंजासारखा, रुंद. अरुळप्पनने ते हातात घेतलं. वेलायुदम दुसरीकडे बघायला लागला.

"काय झालं? ह्यांनी रीळ गुंडाळून ठेवलं होतं ना?" सुभद्रम्मांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

अरुळप्पनने त्यांच्याकडे बघितलं. "होतं, अम्मा," तो म्हणाला. "नीट गुंडाळलेलं होतं. पण मला ह्या पट्ट्यापण हव्यात."

"न्या की. फडकंपण हवंय?"

"हो."

त्यांनी वडामची पुडी बांधून दिली. ती त्याने घेतली.

देवसगायमने पट्ट्या टेबलावर पसरल्या. ज्यांतून उजेड जात होता, त्या एका बाजूला सारल्या. "ह्यांच्यात काही नाही, अण्णा. आवाज म्हणजे तो तपकिरी थरच. तो गेला की नुसतं प्लास्टिक." फडकं त्याने अरुळप्पनला परत दिलं. उरलेल्या पट्ट्या वेगळ्या केल्या. ऊन खाऊन त्यांचा थरही सुटत आला होता. "हे बघा, एकेका पट्टीत दोनेक सेकंद. सगळ्या क्रमाने जोडाव्या लागतील. क्रम कळायला ऐकावं लागेल. आणि एकदा यंत्रावरून गेली की हा थर राहील असं मी सांगू शकत नाही. एकदा ऐकायला मिळेल, कदाचित. दोनदा नाही."

"मग त्याच वेळी उतरवून घेऊ," वेलायुदम म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये."

"उतरवू. पण पट्टी सुलटी का उलटी, हेही आधी कळत नाही. आणि माथ्यावर थर साठला तर पुढची पट्टी फाटेल." त्याने अरुळप्पनकडे बघितलं. "एक लावून बघू?"

अरुळप्पनने मान हलवली. देवसगायमने हाताला आली ती पट्टी घेतली, दोन्ही बाजूंना कोरी पट्टी जोडली आणि यंत्र सुरू केलं.

एक सूर आला. लांब, खोल, जाड. दोन सेकंद. मग यंत्राच्या माथ्यावर तपकिरी भुकटी जमली आणि आवाज गेला.

तो डबल बास होता. अरुळप्पनचा स्वतःचा हात. तिच्याखाली त्याने धरलेला सूर. तिने सुरू करायच्या आधीचा, नाहीतर ती थांबली त्यानंतरचा. दोन्ही ठिकाणी तो एकटाच होता. कोणतं ठिकाण ते दोन सेकंदांत कळलं नाही.

"दुसरी लावू?" देवसगायमने विचारलं.

"नको."

"अण्णा, ऊन वाढतंय. दिवसागणिक हे सुटत जाणार. आज केलं तर..."

"नको म्हटलं ना."

वेलायुदम चिडला. "अरे, हट्ट कसला? ऐकायचं होतं ना तुला? मरेपर्यंत पिशवीत घालून बसणार आहेस का?"

"त्यात तिचा तुटलेला श्वास असला आणि असाच गेला तर?" अरुळप्पन म्हणाला. "मी जवळ उभा राहून तो दुसऱ्यांदा पुसू?"

वेलायुदमने पट्ट्या पिशवीत भरायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी बेनिटा आली. तिने येतानाच विचारलं, "अप्पा, कुठे आहे?" त्याने जेसिंताच्या खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर तिची एक सुती साडी अंथरली होती. तिच्यावर पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या, ऊन लागू नये म्हणून खिडकी बंद केलेली. उशाशी ते फडकं घडी करून ठेवलं होतं. बेनिटाने एक पट्टी उचलली, कानाला लावली, मग स्वतःचीच तिला लाज वाटली आणि तिने ती परत ठेवली.

"कधी लावायच्या?" तिने विचारलं.

"बघू."

"देवसगायम मामा म्हणाले, लवकर."

"माहीत आहे मला."

बेनिटा चार दिवस राहिली. ती रोज विचारायची आणि तो रोज बघू म्हणायचा. पाचव्या दिवशी तिची रजा संपली. तिला गाडीवर सोडून तो परत आला, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला आणि ओल्या न केलेल्या, स्वच्छ हातांनी पट्ट्या पुन्हा सरळ केल्या. बोटांना थोडं तपकिरी लागलं. ते त्याने धुतलं नाही.

देवसगायमचा निरोप आला आहे. यंत्राचे पट्टे अजून चांगले आहेत, पण पावसाळ्यापर्यंत टिकतील असं नाही. वेलायुदम रोज येतो, खाटेकडे बघतो आणि चहाला चल म्हणतो.

पट्ट्या अजून जोडलेल्या नाहीत.